मी नापास केलेली गाडी

६ एप्रिल

रिटायर झालो तवापासून कांता म्हणून राह्यली, काहीतरी लिहीत जा, नाईतं दिवसभर माह्या डोक्यावर बसता. पॉवर हाऊसमधी होतो तं बॉयलरच्या वेल्डिंगचा रिपोर्ट रोज लिहाचा असे. कोणता जोड पास, कोणता नापास, काऊन नापास. आता घरात वेल्डिंग नाई. म्हणून ही डायरी.

विषय मात्र मिळाला. रिनासाठी गाडी घ्याची आहे. रिना माही एकुलती एक पोरगी, जनावरांची डॉक्टर, भामरागडले सरकारी दवाखान्यात. दीड वर्षापासून मोटरसायकलवर त्या जंगलात फिरून राह्यली. कोणाची गाय अडली, कोणाच्या बकऱ्या पटापट मरून राह्यल्या, की निघाली. मागच्या पावसाळ्यात ताडगावच्या अलीकडे चिखलात मोटरसायकलसकट पडली, अन् आमाले सांगतलं ते खपली धरल्यावर. तो रस्ता मी काही पाह्यला नाई, पण घरी बसून त्याचं एकेक वळण मनात पाहत राहतो.

म्हणून ठरवलं. आता चारचाकी, अन् तेही पाऊस लागाच्या आधी. गाडी मीच तपासीन. उभ्या चंद्रपुरात माह्याएवढं लोखंड ओळखणारा माणूस कोणी दाखवावा.

१३ एप्रिल

उद्या जयंती, म्हणून रिना आली. सोबत एक मास्तर आला, लालसू नावाचा. भामरागडजवळचाच माडिया पोट्टा, तिथल्याच आश्रमशाळेत शिकवते. त्यालेही चंद्रपुरात काम होतं म्हणे. कांतानं विचारलं, कोणतं काम? तं बराच वेळ विचार करून बोलला, "पुस्तकं घ्यायची आहेत." दिवसभर आमच्याच सोबत होता, पुस्तक काही घेतलं नाई. विसरला असन.

नागपूर रोडवरच्या शोरूममधी गेलो. मोनाली नावाची पोरगी गाड्या दाखवते. तिनं सरबत पुढं केलं, मी टॉर्च काढला.

माही पद्धत सरळ आहे. पहिले दार लावाचं, डोळे मिटून. आवाज भरीव पाहिजे, डब्याचा नाई पाहिजे. मंग दाराच्या फटीतून नख फिरवाचं, फट वरून खालपर्यंत सारखी आहे का. मंग रबर उचलून आतला रंग पाहाचा, गालिचा उचलून जोड पाहाचे, अन् खाली झोपून पोटाकडून पाहाचं. शेवटी बोटाच्या गाठीनं पत्रा ठोकाचा.

"काका, हे कोणीच पाहत नाई," मोनाली म्हणाली.

"म्हणून तं मी पाहून राह्यलो," मी म्हटलं.

पांढरी गाडी नापास. मागच्या दाराची फट वर जास्त, खाली कमी. लाल गाडीही नापास, रबराखाली रंगात दाणे होते. लालसूनं पूर्ण वेळ टॉर्च धरला अन् एक शब्द मधी बोलला नाई. असे पोट्टे आजकाल कमी. जेवताना कांतानं त्याले आग्रह करकरून वाढलं, मले एकदाही विचारलं नाई.

१५ एप्रिल

रिना जाच्या आधी अजून एक चक्कर मारली. आज करड्या रंगाची पाह्यली, वेगळं मॉडेल. खरं सांगाचं तं दाराचा आवाज ऐकून मी खूश झालो. असा आवाज की परत ऐकावा वाटन. फटी सारख्या. जोड एका ओळीत. रिना तं लगेच चाकामागं जाऊन बसली. मंग मी समोर गेलो, बोनेटवर अंगठा टेकवला अन् दाबलं. दबलं ना ते! बंपर पाह्यला तं नुसतं प्लास्टिक.

मी म्हटलं, नापास.

मोनाली समजावत बसली. "काका, समोरचा भाग दबासाठीच बनवला आहे. धडक झाली तं मार तो खाते, आत बसलेल्या माणसापर्यंत येऊ देत नाई." मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, गाडी भिंतीवर नेऊन आदळते. मी म्हटलं, कोणता शहाणा माणूस मुद्दाम भिंतीवर गाडी घालते, बाई? आमच्या साहेबाची जुनी जीप होती. वरोऱ्याच्या रस्त्यावर सांड धडकला, तं सांड पडला, जीपले पोचा नाई. लोखंड त्याले म्हणतात. माह्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो, जे दबते ते फुटते. बॉयलरची भिंत कागदाएवढी फुगली तरी आमी पूर्ण युनिट बंद कराचो.

"बाबा, मंग कोणती गाडी पास होईन?" रिनानं विचारलं.

"सापडन."

"आठवड्याभरात?"

"घाई केली की जोड फसते," मी म्हटलं. ती लालसूकडे पाहून हसली. त्यात हसासारखं काय होतं, समजलं नाई.

सायंकाळच्या बसनं दोघंही गेले. भामरागडले उतरून ती पुन्हा मोटरसायकलवर बसन.

४ मे

एव्हाना सात-आठ गाड्या पाह्यल्या असतील. बल्लारपूरले जाऊन आलो, तिथीही काही खरं नाई. मोनाली आता मले पाह्यलं की सरबत नाई आणत, चहा आणते. चहा म्हणजे आपला माणूस.

सकाळी कांताशी वाद झाला. बदल्यांचा महिना आहे. चिमूरच्या दवाखान्यात जागा खाली आहे, माहा भाऊ तिथीच राहते, म्हणून मी रिनाले फोनवर म्हटलं, अर्ज दे. ती म्हणाली, "पाहू बाबा." मी कांताले म्हटलं, बदली झाली तं गाडीची एवढी घाईही नाई, चिमूरचे रस्ते चांगले आहेत.

कांता भाजी निवडत होती. म्हणाली, "खरं सांगू का? तुमाले गाडी पासच नाई कराची. गाडी पास झाली की पोरगी तिथीच राहीन, हे तुमच्या पोटात हाये."

मी म्हटलं, काहीतरीच. गाडीत खोट आहे म्हणून नापास करून राह्यलो.

"तुमी गाड्या नापास करून राह्यले अन् पोरगी तिकडे दोन चाकावर फिरून राह्यली. पाऊस तुमच्या रिपोर्टासाठी थांबन का?"

मी बाहेर जाऊन बसलो. बाईमाणसाले लोखंडातलं काय समजते, असं मनात आलं. पण दिवसभर मन लागलं नाई.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

घरासमोर हॉर्न वाजला. पाहतो तं करडी गाडी. तीच. चाकामागं रिना, बाजूले लालसू.

कर्ज काढून घेतली. मले न सांगता. "बाबा, सांगतलं असतं तं तुमी पुन्हा समोरून दाबून पाह्यलं असतं," असं म्हणाली, हसत होती, पण डोळ्यांत भीती होती मी काय म्हणतो याची.

मी गाडीले हातही लावला नाई. कांतानं गाडीले फुलं लावली. तिघंही गाडीत बसून विहारात गेले, मी मागून स्कूटरवर. कांता खिडकीतून वळून वळून पाहे. वंदनेले बसलो, तरी माहं लक्ष बाहेर उभ्या गाडीकडे. सगळे म्हणत, वामनराव, पोरीनं चांगली गाडी घेतली. मी म्हणो, हो.

राग गाडीचा नाई. मी आयुष्यभर ज्यावर बोट ठेवलं ते लोकांनी बदललं. पॉवर हाऊसमधी इंजिनिअरही माह्या एका शब्दावर थांबत. अन् माही पोरगी माह्या शब्दाले ओलांडून गेली. लय लागलं मनाले.

खीर मात्र दोन वाट्या खाल्ली. लालसूनं तीन.

१४ जून

रिनाचा फोन. गाडी मस्त चालते. मी विचारलं, समोरून आवाज येते का? नाई म्हणाली. मी म्हटलं, येईन. चिमूरच्या अर्जाचं विचारलं तं रेंज गेली. अर्जाचं विचारलं की नेमकी रेंज जाते तिथली.

२८ जून

झोप येत नाई, म्हणून लिहितो. नाई लिहिलं तं डोक्यात फिरत राहीन.

दुपारी जेवण झालं अन् फोन आला. रिनाचाच आवाज. "बाबा, पहिले ऐका. मी बोलून राह्यली ना? म्हणजे मी बरी आहे. आता पुढचं सांगते."

पेरमिलीच्या पुढं, लसीकरण आटोपून परत येताना, वळणावर गाय बसली होती वासरासकट. ओला रस्ता. हिनं गायीले वाचवाले गाडी वळवली अन् सरळ येनाच्या झाडावर गेली. जोरात. आतले एअरबॅगचे फुगे फुटले. गाडीचं तोंड गेलं. तिले सीटच्या पट्ट्याचा मार बसला, लालसूच्या मनगटाले लागलं.

"लालसू तुह्या गाडीत काय करत होता?" मी विचारलं. तेवढ्यात रेंज गेली.

मी स्वयंपाकघरात खालीच बसलो. कांतानं पाणी पाजलं. आपली पोरगी जिवंत आहे हे ऐकूनही मी रडत होतो, अन् कांता माही पाठ थोपटत होती, जशी मीच झाडावर धडकून आलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, मी सांगतलं होतं, जे दबते ते फुटते. कांता म्हणाली, "आता एक शब्द नका बोलू."

लालसूचं मीच कांताले पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "लसीकरणात मदतीले गेला असन." मास्तरची मदत लसीकरणात? पण असतात कोणी मदतशीर.

२९ जून

पहिल्या बसनं निघालो. रिनाले अहेरीच्या दवाखान्यात एक रात ठेवलं होतं. पाह्यली. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा निळा वळ. बाकी काही नाई. डॉक्टर म्हणाला, घेऊन जा. कांतानं तिले जी मिठी मारली ती सोडेच ना. मले वाटलं आपणही मारावी, पण जागाच नव्हती, म्हणून मी तिचा पाय धरून उभा राह्यलो.

मंग मी म्हटलं, मले गाडी पाहाची आहे. गाडी आलापल्लीच्या एका गॅरेजच्या आवारात ओढून आणली होती. लालसू सोबत आला, मनगटाले प्लास्टर.

समोरून गाडी ओळखू आली नाई. बंपर गेलेला, बोनेट कागद चुरगाळावा तसं, चाक मागं सरकलेलं. असं वाटलं आता आतलं पाहू नये.

पण सवय जात नाई. मी दाराले हात लावला. एका बोटानं उघडलं. लावलं. तोच आवाज, शोरूममधला. फटीतून नख फिरवलं, वरून खालपर्यंत सारखी. काचेच्या मागं गाडीले काहीच झालं नव्हतं. मी वाकून पायाच्या जागेत हात घातला, जिथी तिचे पाय होते. जागा जशीच्या तशी, माहा पूर्ण हात मावला. बोनेटपाशी लोखंडाची घडी झाली होती अन् घडी नेमकी पायाच्या अलीकडे थांबली होती.

मंग डोक्यात उजेड पडला. बॉयलरमधी आग आत असते अन् माणूस बाहेर. म्हणून भिंत दबली नाई पाहिजे. गाडीत माणूस आत असते. भिंत दबली नाई तं माणूस दबते. एवढी साधी गोष्ट. ती मोनाली पोरगी मले समजावून राह्यली होती अन् मी तिले साहेबाची जीप सांगत होतो. मी पास केली असती तशा कडक गाडीत रिना असती तं? नाईतं गाडीच नसती, माह्या नापास नापासच्या नादात ती मोटरसायकलवर असती तं? त्या वळणावर, ओल्या रस्त्यात, झाड अन् तिच्या मधी काहीच नसतं.

मी तिथी दगडावर बसून रडलो. गॅरेजचे लोक पाहत होते, पाहू दे. लालसू बाजूले येऊन बसला. माहं रडणं थांबलं तवा विचारलं, "बाबा, चहा घ्याल?"

चांगले संस्कार आहेत. मोठ्या माणसाले बाबा म्हणते.

७ सप्टेंबर

पावसाळाभर लिहिलं नाई. पर्लकोटा नदीले पूर आला तं भामरागडचा रस्ता बंद, रिना तिकडेच अडकली, पण एकदाही मले भलतेसलते विचार आले नाई. थोडे आले, पण जेवण जात होतं.

जुनी गाडी दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेली असं विमावाल्यानं सांगतलं. आज रिना नवी घ्याले आली. तीच, तोच रंग. मले म्हणाली, "बाबा, चालता का? तुमी पास केल्याशिवाय नाई घेत." मी तिच्याकडे पाह्यलं, थट्टा करून राह्यली का म्हणून. नव्हती करत.

मोनालीनं चहा आणला. सगळे माह्याकडे पाहून राह्यले. मी दार लावलं, आवाज ऐकला, समोर गेलो अन् बोनेटवर अंगठा दाबला. दबलं. बरं वाटलं. मी मोनालीले म्हटलं, "बाई, तुमचं बरोबर होतं, मी चुकलो." तिनं अजून एक चहा सांगतला.

चिमूरच्या अर्जाचं मी विचारलं नाई. तिनंच सांगतलं, "बाबा, मी अर्ज दिलाच नव्हता. मले तिथी आवडते." मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं. पण म्हटलं.

२६ ऑक्टोबर, भामरागड

हे लालसूच्या आईच्या अंगणात बसून लिहितो. कलाबाई नाव तिचं. कांता अन् ती कालपासून बोलून राह्यल्या. हिले माडिया येत नाई, तिले मराठी थोडीच येते, तरी दोघींचं बोलणं संपत नाई.

काल सकाळी चंद्रपूरहून निघालो. रिना अन् लालसू आमाले भामरागड दाखवाले न्याले आले होते. रिना चालवत होती, कांता बाजूले, मी अन् लालसू मागं. मी ठरवून बसलो होतो की रस्ता नीट पाहाचा. कोणतं वळण वाईट, कुठी खड्डा, ते झाड कोणतं, सगळं. आष्टीपर्यंत ट्रकाच्या रांगा, मी दर ट्रकाले ब्रेक दाबून राह्यलो, माह्या पायाखाली ब्रेक नव्हता तरी. रिना शांत चालवत होती. आलापल्ली सुटली, जंगल लागलं, काचा बंद, आत आवाज नाई. अन् मंग कोणी माहा खांदा हलवून राह्यलं, "बाबा, आलं घर."

लालसूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो होतो. त्याचा शर्ट ओला.

उतरलो. कलाबाईनं पाय धुवाले पाणी दिलं. मी पाय धुऊन राह्यलो अन् कांता म्हणते, "लग्न मेमधी करू. परीक्षा संपल्या की लालसूले सुट्टी हाये."

"कोणाचं लग्न?" मी म्हटलं.

रिना गाडीच्या काचेवरची धूळ पुसाले लागली. धूळ नव्हतीच.

मले एकदम सगळं दिसलं. पुस्तकं, खीर, मनगट, बाबा चहा घ्याल. डोकं सणकलं. मी कांताले बाजूले ओढलं. म्हटलं, मले न विचारता? आपला विहार, त्यायचे पेन म्हणजे देव, बोली वेगळी, सगळंच वेगळं, अन् मले न विचारता?

"विचारलं की," कांता म्हणाली. "पेरमिलीच्या पुढं विचारलं. हे दोघं भेत होते, म्हणून मीच गाडीत विषय काढला. म्हटलं, अहो, चालते ना तुमाले? तुमी घोरले. मी होकार समजली."

"मी झोपलो होतो."

"तेच म्हणते. तुमी झोपले. पोरगी चालवत होती, हाच रस्ता होता, अन् तुमी त्या पोट्ट्याच्या खांद्यावर झोपले. अजून काय विचाराचं राह्यलं?"

दोन्हीकडचं करू म्हणाली, विहारातही अन् इथीही, लोकं दोनदा जेवतील. हिनं मेन्यूसुद्धा ठरवला होता. मी लालसूकडे पाह्यलं. तो अंगणाच्या कडेले उभा होता, शाळेतल्या पोट्ट्यासारखा, निकाल ऐकाले आलेला. गॅरेजच्या आवारात दगडावर माह्या बाजूले बसला होता तो माणूस. त्या दिवशी माह्यासोबत दुसरा कोणी बसलेला मले आवडला नसता. मी त्याले हात केला अन् म्हटलं, इकडे ये, बस. त्याच्या अंगातलं भेव निघून गेलेलं मले दिसलं. माह्याही.

मंग कलाबाईनं त्याच्या मार्फत मले काहीतरी विचारलं. लालसू म्हणाला, "आई विचारते, रस्ता लई खराब होता का? थकलात का?"

आता काय सांगू? पोरगी इथी लागली तवापासून मी ज्या रस्त्याले भेत होतो, घरी बसून ज्याचं एकेक वळण मनात पाहत होतो, तो रस्ता मी पाह्यलाच नाई.

"त्यायले सांग, मले माहीत नाई," मी म्हटलं. "मी झोपलो होतो."

लालसूनं सांगतलं. कलाबाई एवढी हसली की तिले पाण्याचा गुंड खाली ठेवा लागला. मंग रिना हसली, मंग मीही.

उद्या परत जाचं आहे. रस्ता तवा पाहीन. झोप लागली तं राहू दे.